चित्तभ्रमाच्या आजारात मुलामुलींच्या देहाची निगा

भंडारा जिल्ह्याच्या उत्तर अंगाला, तुमसर तालुक्यात, सातपुड्याच्या शाखा जेथे धानाच्या बांध्यांपर्यंत उतरून येतात, तेथे आंबागड हे गाव वसलेले आहे. देवगडच्या बख्त बुलंद शहाचा सुभेदार राजाखान पठाण याने सतराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला किल्ला गावाजवळच्या टेकडीवर अद्याप उभा आहे. पुढे नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत त्याचा तुरुंग झाला, आणि तेथे डांबलेल्या कैद्यांना आतल्या विहिरीचे साचलेले, दूषित पाणी प्यावे लागून त्यातच त्यांचा अंत होई, अशी परंपरागत हकीकत आहे. कोंडलेल्या माणसाचा देह किती झपाट्याने खालावतो याचा विसर या मुलखाला पडू नये, एवढ्याच हेतूने ती येथे सांगितली. कारण आजही चित्तभ्रमाने, म्हणजे डॉक्टर ज्याला सायकोसिस म्हणतात त्या आजाराने, ग्रासलेला तरुण मुलगा किंवा मुलगी कित्येक घरांत मागच्या खोलीत दिवसच्या दिवस बसून असते. तिला कोणी छळत नसते. उलट आई दोन्ही वेळा ताट वाढून देते, बाप पदरमोड करून नागपुराहून गोळ्या आणतो, आणि मूल आता ओरडत नाही, कानात आवाज येतात असे म्हणत नाही, रात्री निजते, एवढ्यावर सारे घर समाधान मानते. त्या समाधानाच्या आड मुलाचे वजन वर्षभरात दहापंधरा किलोंनी वाढते, दम लागू लागतो, दात किडतात, आणि विशी ओलांडण्यापूर्वीच मधुमेह घरात पाऊल टाकतो.

या लेखाचा मुद्दा एकच असल्यामुळे तो आरंभीच सांगितलेला बरा. चित्तभ्रमाचे औषध ज्या दिवशी सुरू होते, त्याच दिवसापासून आईबापांनी मुलाच्या देहाचा लेखी हिशेब ठेवण्यास प्रारंभ करावा, आणि त्या हिशेबात काही वावगे दिसले तर औषध परस्पर न थांबवता तो हिशेब घेऊन डॉक्टरांसमोर उभे राहावे. गोळी बंद केल्याने वजन कदाचित उतरेल. परंतु आजार उलटला म्हणजे शिक्षण, नोकरी, माणसे आणि कधी प्रत्यक्ष जीवही जातो. उलटपक्षी मन शांत झाले म्हणून देहाकडे पाठ फिरवली, तर वाचवलेले तेच आयुष्य दुसऱ्या वाटेने तोकडे होते.

ही भीती कल्पित नाही. तीव्र मानसिक आजार असलेली माणसे इतरांपेक्षा १० ते २० वर्षे अगोदर मरण पावतात असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यांतील बहुतेक मृत्यू हृदयविकार, मधुमेह, श्वसनाचे विकार यांसारख्या टाळता येण्याजोग्या कारणांनी होतात. विलायतेतील वैद्य हेन्री मॉड्स्ली यांनी ज्या घराण्यांत वेड आढळते तेथे मधुमेहही वारंवार आढळतो असे १८७९ मध्येच नमूद केले होते, आणि चित्तभ्रमावरील पहिले परिणामकारक औषध, क्लोरप्रोमाझिन, पॅरिसमध्ये रुग्णांना दिले जाऊ लागले ते १९५२ मध्ये. तेव्हा सारा दोष औषधाच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. आजार स्वतःच माणसाला निरुत्साही करतो, अंथरुणाला खिळवतो, स्नान व दंतधावन यांचीही इच्छा हिरावून घेतो. औषध भूक भडकवते आणि सुस्ती आणते. आणि या दोहोंच्या जोडीला आपली सामाजिक हयगय येते, ती अशी की वेड लागलेल्याचे पोट दुखते यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

औषधांत तारतम्य आहे, आणि पालकांना ते ठाऊक असले पाहिजे. ओलान्झापिन आणि क्लोझापिन ही दोन औषधे वजन व रक्तातील साखर सर्वांत अधिक वाढवतात. रिस्पेरिडोन व क्वेटियापिन मधल्या पायरीवर येतात. आरिपिप्राझोल, लुरासिडोन आणि जुने हॅलोपेरिडॉल यांचा हा उपद्रव बराच कमी असतो, जरी हॅलोपेरिडॉलचे स्नायूंवरील उपद्रव अधिक असतात. ज्या तरुणाने पूर्वी कधी असे औषध घेतलेले नाही त्याचे वजन पहिल्या काही आठवड्यांतच झपाट्याने चढते, आणि एकदा चढलेले वजन उतरवणे हे चढू न देण्यापेक्षा कितीतरी अवघड असते. म्हणून पहिले तीन महिने हाच खरा मोक्याचा काळ होय, आणि दुर्दैवाने नेमका तोच काळ घाबरलेल्या कुटुंबाचा मंत्रतंत्र, नवस आणि दवाखान्याच्या फेऱ्या यांत निघून जातो.

हिशेबाची वही साधी असावी. पहिल्या पानावर औषध सुरू होण्याच्या दिवशीचे वजन, उंची, बेंबीच्या रेषेत मोजलेला कमरेचा घेर, रक्तदाब, आणि उपाशीपोटी काढलेल्या रक्तातील साखर व चरबी यांचे आकडे तारखेनिशी लिहावेत. पुढे पहिले सहा आठवडे दर आठवड्याला एकाच वारी, सकाळी, शौचाहून आल्यावर व काही खाण्यापूर्वी वजन करून नोंदवावे. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस साऱ्या तपासण्या पुन्हा कराव्यात आणि त्यानंतर निदान वर्षातून एकदा तरी चुकवू नयेत. गावात वजनकाटा नसला तरी उपकेंद्रात किंवा आशाताईंकडे तो मिळतो, आणि शिंप्याची टेप तर कोणत्याही घरात सापडेल. आपल्या लोकांच्या बाबतीत पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटर ओलांडू लागला की धोक्याची सीमा आली असे समजावे. पन्नास किलो वजनाच्या मुलाचे वजन एका महिन्यात अडीच किलोंनी वाढले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. डॉक्टर औषध बदलू शकतात, मात्रा फिरवू शकतात, अथवा मेटफॉर्मिन नावाचे मधुमेहावरील जुने व स्वस्त औषध जोडीला देऊ शकतात. हे मेटफॉर्मिन दुकानातून स्वतः आणून सुरू करू नये, एवढी ताकीद मात्र देऊन ठेवतो. उपाशीपोटीची साखर १०० च्या खाली असावी. १२६ किंवा त्याहून अधिक आल्यास मधुमेहाची शंका धरून तपासणी पुन्हा करून खातरजमा करून घ्यावी.

येथे दोन गोष्टी विशेष ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. सरकारी कार्यक्रमाखाली साखर व रक्तदाब तपासण्याची जी सार्वत्रिक मोहीम चालते ती तिशीपुढच्या माणसांसाठी असते. त्यामुळे वीसबावीस वर्षांचा रुग्ण त्या शिरस्त्यातून सहज सुटतो, आणि त्याची तपासणी पालकांनी आपण होऊन मागितल्याशिवाय होत नाही. दुसरी गोष्ट पूर्व विदर्भापुरती, परंतु फार महत्त्वाची. या भागात सिकलसेलचा आजार पुष्कळ कुटुंबांतून आढळतो, आणि ज्याला सिकलसेल आहे त्याच्या बाबतीत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची जी तपासणी आजकाल सर्रास सांगितली जाते, ती फसवी ठरू शकते. अशा मुलाचे सिकलसेल कार्ड मानसोपचारतज्ज्ञांना अवश्य दाखवावे आणि साखर थेट रक्तातून, उपाशीपोटी, मोजण्याचा आग्रह धरावा.

भुकेसंबंधी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण घरातले निम्मे तंटे तिच्यापायी होतात. रात्री बारा वाजता उठून भाताची गंजी रिकामी करणारा मुलगा अधाशी झालेला नसतो. पोट भरल्याची जी सूचना मेंदूला मिळावयाची असते तिच्या मार्गात औषध आडवे आलेले असते, आणि त्याला लागलेली भूक खरी, दाहक, सहन न होणारी भूक असते. त्याच्या ताटावर टोमणे मारणे म्हणजे ज्वर चढलेल्याला अंग तापल्याबद्दल बोल लावण्यासारखे होय. अन्नाला कुलूप घालणे तर त्याहून वाईट; तसे केले की चोरून खाणे सुरू होते, दुकानातून बिस्किटांचे पुडे व शीतपेयांच्या बाटल्या येऊ लागतात, आणि घरातील विश्वास नाहीसा होतो.

उपाय स्वयंपाकघराच्या फेररचनेत आहे. आपला जिल्हा धानाचा. सकाळी भात, संध्याकाळी भात, आणि मधल्या वेळेस मुरमुरे किंवा पोहे, असा पुष्कळांचा आहार असतो. भात सोडा असे सांगणारा सल्ला या मुलखात पाळला जाणार नाही आणि तो देण्याची आवश्यकताही नाही. भाताचे प्रमाण निम्म्यावर आणून ती जागा घट्ट वरणाने, चवळीच्या किंवा पोपटीच्या उसळीने, धोप्याच्या, अंबाडीच्या, पालकाच्या भाजीने भरावी. ज्यांना चालते त्यांनी उकडलेली अंडी आणि तलावातली ताजी मासळी आठवड्यातून दोनतीनदा खावी, परंतु ती तेलात बुडवून तळू नये. ताट प्रथम भाजीने व वरणाने वाढावे आणि भात शेवटी वाढावा, म्हणजे पोट बरेचसे आधीच भरते. रात्रीच्या भुकेसाठी उकडलेले चणे, काकडी, मुळा, पातळ ताक असे जिन्नस हाताशी ठेवावेत आणि फरसाण, पाव, बिस्किटे घरात आणूच नयेत. चहाचा हिशेब करून पाहावा: दिवसाला सहा कप आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर धरली तरी ६० ग्रॅम साखर एकट्या चहातून पोटात जाते. तहानेसाठी पाणीच द्यावे. या औषधांनी तोंड कोरडे पडते आणि त्या कोरडेपणावर मुले गोड पेये शोधतात, त्यामुळे वजन आणि दात दोन्ही बिघडतात. रात्री निजण्यापूर्वी दात घासण्याची सवय याच कारणासाठी लावली पाहिजे.

यात एक पथ्य मोडू नये. रुग्णाकरिता वेगळे ताट आणि बाकीच्यांकरिता भजी, असे होता कामा नये. जे अन्न त्याला हितकारक ते बापाला, भावाला आणि आजीलाही हितकारकच आहे. साऱ्या घराने ते स्वीकारले तर मुलाला आपण बाजूला काढले गेलो असे वाटत नाही, आणि ते न वाटणे या आजारात औषधाइतकेच मोलाचे असते.

असे प्रयत्न फोल जातात असे कोणी म्हणेल तर त्याने सिडनीतील उदाहरण पाहावे. तेथील बॉन्डाय या भागात, नुकताच सायकोसिस झालेल्या तरुणांच्या एका लहानशा गटाला औषधाच्या जोडीला परिचारिका, आहारतज्ज्ञ आणि व्यायामशिक्षक यांचे बारा आठवडे मार्गदर्शन देण्यात आले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या तरुणांचे वजन सरासरी १.८ किलो वाढले, तर नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांचे ७.८ किलो वाढले. त्यापूर्वी, २०१३ मध्ये, अनेक देशांतील चिकित्सकांनी, रुग्णांनी व कुटुंबीयांनी मिळून एक जाहीरनामा काढला होता, आणि उपचार सुरू झाल्यावर दोन वर्षांनी चारांपैकी तीन तरुणांची वजनवाढ मूळ वजनाच्या सात टक्क्यांपलीकडे जाऊ नये असे ध्येय त्यात ठेवले होते. आपल्याकडे आहारतज्ज्ञ व व्यायामशिक्षक खेड्यात येणार नाहीत हे मान्य. परंतु त्यांनी शिकवले ते स्वयंपाक, बाजारहाट आणि चालणे हेच, आणि या तिन्ही गोष्टी आंबागडच्या आईला परक्या नाहीत.

आता खर्र्याकडे वळतो. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकवर घोटून केलेली ही पुडी विदर्भात किती मुलांच्या गालात सापडते ते सांगावयास नको. चित्तभ्रमाच्या रुग्णांत तर तिचे व विडीचे व्यसन विशेष जडते, कारण तिने क्षणभर तरतरी येते आणि रिकामा दिवस सरतो. पुष्कळ घरांतून मुलगा शांत बसावा म्हणून त्याला पुडीचे पैसे घरातूनच दिले जातात. हा शिरस्ता मोडावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. खर्र्याने तोंड आखडते, पुढे बोटभरही उघडत नाही, आणि त्यातून कर्करोग उद्भवतो. ज्याला आधीच आपले दुखणे नीट सांगता येत नाही, त्याच्या तोंडातले पांढरे चट्टे कोणी वेळेवर पाहत नाही. दर महिन्याला मुलाला उजेडात बसवून तोंड उघडावयास सांगावे व आत पाहावे.

विडीच्या बाबतीत एक वैद्यकीय बारकावा आहे. विडीच्या धुरातील घटकांमुळे यकृत ओलान्झापिन व क्लोझापिन ही औषधे अधिक वेगाने निकाली काढते. म्हणून रोज विड्या ओढणाऱ्याने त्या एकाएकी सोडल्या तर रक्तातील औषधाचे प्रमाण वाढून गुंगी, लाळ गळणे, क्वचित झटके असे त्रास होऊ शकतात. याचा अर्थ विडी सोडू नये असा नाही. सोडण्यापूर्वी डॉक्टरांना कळवावे, म्हणजे ते मात्रा बेताने कमी करतील. हा परिणाम धुराचा आहे, तंबाखूचा नव्हे. म्हणून खर्रा सोडताना अशी अडचण येत नाही. व्यसन सोडवण्यासाठी १८००-११२-३५६ हा शासनाचा विनामूल्य दूरध्वनी आहे.

हालचालीसंबंधी आपला मुलूख भाग्यवान आहे. तालमीची किंवा यंत्रशाळेची गरज नाही. किल्ल्याच्या पायथ्यापर्यंतची वाट, तलावाची पाळ आणि शेताचा धुरा एवढे पुरे. आठवड्याला दीडशे मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धाअर्धा तास, थोडा दम लागेल असे चालणे हे माप ठेवावे. मात्र “व्यायाम कर” असा हुकूम सोडून हे साधत नाही. ज्याची इच्छाशक्तीच आजाराने शोषली आहे त्याला आज्ञेने उठवता येत नाही. त्याच्याबरोबर उठावे लागते. बापाने सकाळी चपला घालून दारात उभे राहावे आणि “चाल बाबू, बांधीतलं पाणी पाहून येऊ” एवढेच म्हणावे. पहिल्या आठवड्यात तो अंगणाच्या फाटकापर्यंत आला तरी पुष्कळ झाले. सकाळी उठणेच होत नसेल, तर रात्रीची गोळी थोडी लवकर देता येईल काय, असे डॉक्टरांना विचारावे; पुष्कळदा आळस म्हणून ज्याला आपण दोष देतो ती केवळ वेळ चुकलेल्या गोळीची गुंगी असते.

काम हा सर्वांत उत्तम व्यायाम. पऱ्हे उपटणे, रोवणीत हात लावणे, जनावरांना तणस घालणे, परसातल्या वेलींना पाणी देणे, यांतले जे जमेल ते त्याच्याकडे सोपवावे व त्याची मजुरी, थोडी का होईना, त्याच्या हातात द्यावी. चुरण्याचे यंत्र, कडबाकुट्टी आणि ट्रॅक्टर यांपासून मात्र औषधाची गुंगी असेतोवर त्याला दूर ठेवावे, आणि तलावात एकट्याने पोहू देऊ नये. शेतीची कीटकनाशके कुलपात ठेवून किल्ली स्वतःजवळ बाळगावी. या आजारात आत्मघाताचा धोका पहिल्या काही वर्षांत फार असतो, आणि कित्येकदा तो क्षण टळला की जीव वाचतो.

वैशाखातल्या उन्हासंबंधी ताकीद द्यावयास हवी. चित्तभ्रमावरील बहुतेक औषधे शरीराची उष्णता बाहेर टाकण्याची शक्ती मंदावतात, घाम कमी येतो, आणि विदर्भातला पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा दुपारी रुग्ण तेंदूपत्ता तोडावयास किंवा विटांच्या भट्टीवर गेला तर उष्माघात व्हावयास वेळ लागत नाही. त्याला सकाळी व सायंकाळीच बाहेर पडू द्यावे, डोक्यावर दुपट्टा बांधावा, पाणी मागितले नाही तरी द्यावे. जो लिथियम नावाचे औषध घेतो त्याच्या बाबतीत हे अधिकच कसोशीने पाळावे, कारण शरीरातले पाणी व मीठ घटले की लिथियम रक्तात साचून विषासारखे बाधते; हात थरथर कापणे, उलट्या, जुलाब, झोकांड्या जाणे ही त्याची लक्षणे. अशा रुग्णाने निर्जळी उपवास करू नये, आणि रोवणीनंतर अंग ठणकते म्हणून दुकानातून आणलेली दुखण्यावरची गोळी डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नये, कारण अशा पुष्कळ गोळ्या लिथियमचे प्रमाण चढवतात.

काही लक्षणे अशी असतात की ती पाहून घर हादरते आणि पाऊल दवाखान्याऐवजी देवऱ्याकडे वळते. औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत मान एका बाजूला वळून ताठ होणे, डोळे वर चढणे, जीभ बाहेर ओढली जाणे, हे पाहिल्यावर कोणाही आईला अंगात काही शिरले असे वाटेल. परंतु तो औषधाचा स्नायूंवरील परिणाम आहे, आणि इस्पितळात एका इंजेक्शनने तो बहुधा अर्ध्या तासात उतरतो. मुलगा एका जागी बसू शकत नाही, सारखा येरझारा घालतो, पाय हलवत राहतो, तेव्हा वेड वाढले असे समजून गोळी वाढवून मागू नये. तोही औषधाचाच त्रास असू शकतो आणि गोळी वाढवल्याने तो वाढेल. अंग लाकडासारखे कडक होणे, भरपूर ताप, घाम आणि गोंधळलेपण ही चारही लक्षणे एकत्र आली तर १०८ वर दूरध्वनी करून तत्काळ इस्पितळ गाठावे, आणि पुढची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. क्लोझापिन घेणाऱ्याच्या रक्ताची तपासणी पहिले १८ आठवडे दर आठवड्याला होणे अत्यावश्यक आहे. त्याला ताप आला किंवा घसा दुखला तर त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजून घ्याव्यात, आणि दोनतीन दिवस शौचास झाले नाही तर ती क्षुल्लक बाब मानू नये, कारण क्लोझापिनच्या बद्धकोष्ठाने आतडे बंद पडून माणसे दगावलेली आहेत.

मुलींच्या बाबतीत आयांनी संकोच बाजूला ठेवावा. रिस्पेरिडोन, ॲमिसल्प्राइड यांसारख्या औषधांनी पाळी थांबते, कधी स्तनांतून दूध येते, आणि घरात नको तो संशय घेतला जातो. मुलीला जाब विचारण्याआधी डॉक्टरांना विचारावे. रक्तातील एका तपासणीने उलगडा होतो आणि इलाज आहे. मुलांतही याच कारणाने लैंगिक दुर्बलता येते व ते लाजेपोटी गुपचूप गोळ्या टाकून देतात. सोडियम व्हॅलप्रोएट हे औषध गर्भातील बाळाला घातक आहे. लग्नाच्या वयाच्या मुलीला ते दिले असेल तर त्याविषयी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. लग्न केले की आजार जाईल, या समजुतीचा तर मी स्पष्ट निषेध करतो.

सर्वांत मोठी सेवा पालक करू शकतात ती साक्षीची. “माझ्या पोटात साप फिरतो” असे मुलगा म्हणतो तेव्हा साप खोटा असेल, पण पोट दुखते आहे हे खरे असू शकते. दवाखान्यात मनोरुग्णाचे शारीरिक दुखणे भ्रमाच्या खाती टाकले जाण्याचा धोका नेहमीच असतो. तेव्हा पालकांनी दुखणे कधीपासून, कोठे, जेवल्यावर की उपाशी, खाणे किती उतरले, असा तपशील वहीत लिहून नेऊन सांगावा. दोन आठवड्यांपेक्षा अधिक खोकला असेल तर थुंकीची तपासणी मागावी. आणि शारीरिक तपासणी केल्याविना “हे मानसिकच आहे” असा निकाल कोणी दिला तर विनयाने, परंतु ठामपणे, पुन्हा तपासावयास सांगावे.

बोलण्याची रीत सांभाळावी. सततचे टोचणे, दोष काढणे, तुलना करणे याने आजार उलटण्याचा संभव वाढतो, हे लंडनमध्ये १९६० च्या दशकापासून झालेल्या अभ्यासांनी दाखवले आहे, आणि नंतर चंडीगडच्या कुटुंबांत असे टीकेचे बोल त्या मानाने कमी आढळले, ही आपल्या घरांच्या सहनशीलतेला मिळालेली पावती आहे. वजनाचा आकडा वाढला तर मुलापुढे कपाळाला हात लावू नये. वही त्याच्याच हाती द्यावी, आकडा त्यालाच लिहू द्यावा, आणि या आठवड्यात काय बदलावे ते त्यालाच विचारावे.

मदत कोठे मिळेल ते सांगून लेख पुरा करतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. गुंतागुंतीच्या आजारासाठी नागपुरास १८६४ पासून चालत आलेले प्रादेशिक मनोरुग्णालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. टेलिमानसच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर रात्रीबेरात्रीही मराठीतून बोलता येते. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. आजार दीर्घकाळ टिकून ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला मिळाल्यास तहसील कचेरीत संजय गांधी निराधार अनुदान योजनेची चौकशी करून अर्ज करावा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक रुग्णाला शारीरिक रुग्णाच्या बरोबरीने उपचार मिळण्याचा हक्क दिलेला आहे. तेव्हा पुढच्या तारखेला जाताना वही बरोबर घ्या, गोळ्यांच्या चिठ्ठीवर समाधान मानून परत फिरू नका, आणि त्या दिवशी तुमच्या मुलाचे वजन, कमरेचा घेर व रक्तदाब कोणी मोजला नाही, तर तो मोजावयास सांगा.